हुबेहूबची गिटारवाली

माझी ताई कुणाकडे गेली की खुर्चीत टेकायच्या आधी त्यांचा रेडिओ बंद करते. विचारत नाही. सरळ जाऊन बटण फिरवते आणि मग म्हणते, "हं, आता बोला, कसे आहात सगळे?" एकदा आमच्या मावसभावाच्या बायकोने धीर करून विचारलं, "का हो ताई, गाणं आवडलं नाही का?" ताई म्हणाली, "गाणं होतं का ते? मला वाटलं, स्वयंपाकघरात मिक्सर चालू राहिलाय." त्या घरातून आम्हाला पुन्हा बोलावणं आलं नाही.

अशा माणसांबद्दल लोक एक ठरलेलं वाक्य बोलतात, की जीभ तिखट असली तरी मन मोठं आहे हो. मी तिची धाकटी बहीण. सगळं आयुष्य तिच्याबरोबर काढलंय, आणि मी सांगते, तिचं मन काही फार मोठं नाही. त्यात तीन माणसांपुरती जागा आहे. तिघेही गिटार वाजवणारे, तिघेही तिला कधी न भेटलेले. बाकीच्या जगाने उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. त्यात मीही आले.

हे तिघे आमच्या घरात शिरले ते वडिलांच्या दुकानातून. वडील रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून वडील चालतानासुद्धा वाकूनच चालायचे. दुरुस्त झालेलं यंत्र तपासायला त्यांनी जुन्या तबकड्यांचं एक खोकं ठेवलं होतं. हाताला येईल ती तबकडी लावायची, सुई सरळ चालतेय ना ते बघायचं, आणि लगेच उचलायची. गाणं पुरं ऐकायची पद्धत नव्हती. ताई शाळा सुटली की तिथेच स्टुलावर येऊन बसायची. तिला ढीगभर गाण्यांची तोंडं पाठ होती आणि शेपूट एकाचंही ठाऊक नव्हतं.

वेष्टनांवरची नावं वडिलांच्या जिभेला वळायची नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. एका गडगडाटी रॉक बँडच्या वेष्टनावर पुढे उभा असलेला गिटारवाला काळा चष्मा लावून होता, तो झाला काळाचष्मा. एकाच्या चित्रात कोळशाच्या खाणीचं तोंड होतं आणि तो खाणीतल्या माणसांची लोकगीतं गायचा, तो खाणवाला. आणि एक बाई होती. कुणीतरी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन तिचं गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं, मागे खुर्ची करकरलेली ऐकू यायची. ती म्हातारी. वडिलांनी तिघांना नावं ठेवली, आणि ताईने पुढे जन्मभर उरलेल्या सगळ्यांना ठेवली.

वडील तापाने पडले तेव्हा दुकान उघडायला ताईला पाठवलं. तिने दुकान उघडलं आणि आत जाऊन कडी लावून घेतली. खाणवाल्याची तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, मग म्हातारीची, मग काळ्याचष्म्याच्या दोन्ही बाजू. गिऱ्हाइकं दार वाजवून निघून गेली. घरी आली ती न जेवताच आडवी झाली. आईने तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "घ्या, हिलाही ताप." वडिलांचा उतरला. हिचा नाही.

शेजारच्या न्हाव्याच्या मुलाला गिटारची हौस आली होती आणि आली तशी गेलीही होती. ती गिटार आमच्याकडे आली. लाकूड दमट हवेत फुगलेलं, तारा इतक्या उंच की दाबताना बोटांना चरे पडायचे. ताई फिरत्या तबकडीच्या कडेला बोट टेकवून तिचा वेग कमी करायची आणि एकेक सूर वेचायची. हळू झालं की खाणवाल्याचा आवाज माजघरात बैल बांधल्यासारखा यायचा. वडील ओरडायचे, "अगं, तबकडी झिजेल." ती म्हणायची, "झिजू दे, मी उतरवून घेतेय."

मी तोवर शिवणकाम शिकत होते. मशीनवर बसले की ताई समोर येऊन मला शहाणं करायची.

"म्हातारीची खालची तार उतरलेली आहे. ऐक. दरवेळी ती बोटाने तिला जरा वर ढकलते आणि सुरात आणते. पुरं गाणंभर."

"मग थांबून खुंटीला पीळ द्यायचा ना एकदा."

"थांबली असती तर चुलीवरचं करपलं असतं. तुला काय, तू कापड मधेच सोडून चहा पितेस."

खाणवाला शब्द विसरायचा, ते तिला फार आवडायचं. "तोंड बंद पडलं तरी अंगठा चालूच. जाड तारांवर ठाक ठाक, घरी जाणाऱ्या माणसासारखा. आठवलं की मग गातो." आणि काळाचष्मा उशिरा यायचा. ड्रमवाला थांबलाय, गाणारा थांबलाय, आणि हा पाहुणे जेवून उठता उठता दारात उभा राहणाऱ्या लाडक्या जावयासारखा. रागवायचं म्हटलं तरी जमत नाही. मी एकदा विचारलं, "आणि आताचे?" ती म्हणाली, "आताचे वेळेवर येतात. टपालवाल्यासारखे."

पुढे तिने बँड काढला. जिन्याखालच्या दुकानात, वडील जेवायला गेले की तालीम. गायला लांब्या. मान लांब, हात लांब, आवाज मात्र गोड. त्याला कुठलंही गाणं एकदा ऐकवा, तो जसंच्या तसं परत द्यायचा. मूळ गायकाने दम घेतला असेल तिथे दम घ्यायचा, खोकला असेल तिथे खोकायचा. ताईने त्याला तिघांच्याही तबकड्या ऐकवल्या, कुठे काय आहे ते बोट धरून दाखवलं. तो मन लावून शिकला, आणि घरी आरशासमोर उभा राहून काळ्याचष्म्याच्या बँडमधल्या सोनेरी केसांच्या गायकासारखी मान उडवायलाही शिकला. ताईने हे एका कार्यक्रमात पाहिलं. गाणं संपल्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, "तू गात नाहीस रे, पाठ म्हणतोस. पोपट आहेस. उद्यापासून येऊ नकोस."

लांब्या उद्यापासून आला नाही. त्याच्या मागोमाग बाकीचेही आले नाहीत, कारण गोड आवाज त्याचा एकट्याचाच होता.

मधे ताईचं लग्नही झालं. नवरा विम्याच्या कचेरीत होता, स्वभावाने गरीब. म्हातारीचं एक अवघड गाणं तिच्या हाताखालून जात नव्हतं. एका संध्याकाळी ते पहिल्यांदा सबंध गेलं. नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "छान."

"काय छान?"

"हेच आपलं. जे वाजवलंस ते."

ती गिटार आणि एक पिशवी घेऊन माझ्याकडे आली. लोकांचे संसार दारूने मोडतात, सासूने मोडतात. हिचा 'छान'ने मोडला. मी तिला चार शब्द सांगून पाहिले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग हॉटेल. मोठ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात माशांच्या काचेच्या टाकीशेजारी तिची खुर्ची ठेवली होती. लोक जेवायचे, ही वाजवायची. कितीतरी वर्षं. कुणी ऐकत नसे, आणि ऐकलं की फर्माईश करत असे, ते त्याहून वाईट. वाढदिवसाचं गाणं वाजवताना तिचा चेहरा दात उपटून घ्यायला बसलेल्या माणसासारखा व्हायचा. मी विचारलं, "कंटाळा येत नाही?" तर म्हणाली, "मासे बरे आहेत. निदान तोंड उघडून ऐकतात." मॅनेजर येऊन सांगायचा, "मॅडम, जरा आनंदी काहीतरी." ती खाणवाल्याचं खाण कोसळल्याचं गाणं जरा भरभर वाजवायची. मॅनेजर खूश.

शेवटी त्याने तिच्या जागी स्पीकर बसवला. स्पीकर रजा मागत नाही आणि गिऱ्हाइकांकडे रागाने बघत नाही, असं तिला तोंडावर सांगितलं. ताई घरी बसली. बसली म्हणजे अगदी बसली. महिनाभर गिटार भिंतीला टेकून होती. एक दिवस बघते तर ती खिडकीशी उभी राहून डाव्या हाताच्या बोटांची टोकं सोलतेय. तारा दाबून दाबून तिथे घट्टे पडले होते, ते मऊ होऊन पापुद्रे निघत होते. मी पाहिलं हेही तिला आवडलं नाही.

त्याच सुमारास लांब्या माझ्या शिवणाच्या दुकानात आला. केस गेलेले, पोट आलेलं, हात लांबच. त्याला सोनेरी जाकीट शिवून हवं होतं. त्याने एक बँड काढला होता, नाव हुबेहूब. काळ्याचष्म्याच्या बँडची गाणी, त्यांचेच कपडे, तसेच केस, तसंच उभं राहणं. गावोगावी सभागृहं भरत होती. पण त्याचा गिटारवाला न्हाणीघरात घसरून मनगट मोडून बसला होता.

मी छातीचं माप घेत होते, तो वर बघत म्हणाला, "ताई काय करते हल्ली?"

"बोटं सोलते."

"येईल का?"

"तुझ्या नरड्याला येईल."

"विचारून तर बघ, धाकटे. काळ्याचष्म्याला तिच्याइतकं ओळखणारं मला दुसरं कुणी माहीत नाही."

मी जेवताना विषय काढला. ताई हसली, आणि ताई हसली की भीतीच वाटते. "म्हणजे पोपटांचा थवा झाला. आणि मी काय करायचं, काळ्याचष्म्याचं सोंग घ्यायचं? केसांचा टोप, मिशा?"

"मिशा नाहीत. टोप आणि चष्मा."

"त्याला कळलं तर तो थुंकेल माझ्यावर."

"त्याला तू जिवंत आहेस हेसुद्धा माहीत नाही," मी म्हटलं, "आणि तुझी बोटं लोण्यासारखी झालीत."

दोन घास खाऊन तिने विचारलं, "तालीम कुठे करतात ही माणसं?"

तिचे कपडे मीच शिवले. पुरुषी विजार, खांद्यात भरलेलं जाकीट. टोप घालून ती आरशापुढे उभी राहिली आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली. म्हणाली, "हा तो नाही. हा त्याचा थोरला भाऊ, पोस्टात असणारा."

कार्यक्रमांना मीही जायचे, कारण ती सोनेरी जाकिटं रोज कुठेतरी उसवायची. सुईदोरा घेऊन पडद्यामागे बसायचं. तिथून मला प्रेक्षक दिसायचे. बहुतेक सगळे तिच्या-माझ्या वयाचे पुरुष, तरुणपणचे टी-शर्ट पोटावर ताणून आलेले. पहिल्या सुरालाच डोळ्यांत पाणी. त्यांच्यात एक रंगवाला होता. रंगाच्या डब्यांचं दुकान, डोक्यावर एक केस नाही, आणि मूळ बँडच्या चाहत्यांच्या मंडळाचा तो मुख्य. प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत. मूळ ध्वनिमुद्रणात जे आहे त्यात केसभर फरक पडला तर तो मान हलवायचा, गिऱ्हाइकाने चुकीची छटा मागितल्यासारखी.

ताईने त्याला मान हलवायची संधी दिली नाही. चिडून, दातओठ खाऊन ती सूर न् सूर तसाच वाजवायची, तिथेच उशिरा यायची. लोक वेडे व्हायचे. ती परत येऊन टोप काढून माझ्या मांडीवर टाकायची आणि म्हणायची, "गाढवांना गूळ घालतेय. तोही दुसऱ्याच्या घरचा."

"टाळ्या तर पडतात."

"टोपाला पडतात."

असं वर्षभर चाललं असेल. मग एका रविवारी, दुपारच्या कार्यक्रमात, गाण्याच्या मधला जो लांबलचक गिटारचा भाग असतो, ज्यासाठी लोक यायचे, तो तिने बदलला. पहिली फेरी जशीच्या तशी वाजवली आणि दुसऱ्या फेरीला भलतीकडेच वळली. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण हातातली सुई थांबली. ड्रमवाल्याची धांदल उडाली. लांब्या माइक धरून तिच्याकडे बघत राहिला. ती सगळं करून वेळेत परत आली, पण टाळ्या नेहमीसारख्या पडल्या नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर रंगवाला थेट पडद्यामागे आला. अदबीने म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या फेरीत आपण चुकलात."

"चुकले नाही. बदललं."

"पण ते तसं नाहीये."

"तो स्वतः दोनदा सारखं वाजवायचा नाही. तुम्ही एकच तबकडी उगाळताय, म्हणून तुम्हाला ते लोखंडाचं वाटतं."

"तो बदलेल, मॅडम. त्याचं आहे ते," रंगवाला म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "बदलायला तुम्ही कोण?"

ताईने डोक्यावरचा टोप ओढून काढला, रंगवाल्याच्या टकलावर बसवला, आणि म्हणाली, "घ्या. तुम्हीच व्हा."

तो तसाच, टोपासकट, बाहेर निघून गेला. बहुतेक भांबावला असावा. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात तो टोप परत आणून दिला, धुऊन, विंचरून, कागदात गुंडाळून.

पण खरी गोष्ट परतीच्या व्हॅनमध्ये झाली. ताई मागच्या बाकावर माझ्याशेजारी, लांब्या पुढे. बाहेर अजून उजेड होता. मग लांब्याने मान वळवली.

"दुसऱ्या फेरीला जे वाजवलंस, ते कुणाचं होतं?"

"माझं."

"खाणवाल्याचं होतं," लांब्या म्हणाला. "तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, गाडीची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं आहे, त्यातला मधला तुकडा. तू वेग वाढवलास. आणि उतरताना तार बोटाने वर ढकललीस, ते म्हातारीचं."

"गप बस."

"मला तूच शिकवलं होतंस. जिन्याखाली, वडील जेवायला गेल्यावर. मी पाठ केलं होतं." तो पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला. "मी पोपट आहे, कबूल आहे मला. माझ्या पिंजऱ्यात आरसा आहे, म्हणून मला कळतं. तुझा पिंजरा मोठा होता, तुला ते रान वाटलं."

टोचून बोलला असता तर ताईने त्याला फाडून खाल्लं असतं. पण तो सहज बोलला, वेळ किती झाली ते सांगावं तसा. ताई खिडकीबाहेर बघत होती. तिची डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. ती तो तुकडा पुन्हा वाजवून तपासत होती, आणि मला कळलं की लांब्याचं खरं निघालं.

त्यानंतर ती निमूट झाली. कार्यक्रमाला जायची, टोप घालायची, सूर न् सूर ठरल्याप्रमाणे वाजवायची. शेरे नाहीत, गाढवं नाहीत, गूळ नाही. एकदा आम्ही आत्याकडे गेलो, तिथे रेडिओ लागलेला. ताई गेली आणि सरळ खुर्चीत बसली. रेडिओ चालूच. मला धडकी भरली. वाटलं, हिला डॉक्टरकडे न्यावं.

घरी ती गिटार घेऊन बसायची, आणि दोन सूर वाजवून थांबायची. "हे काळ्याचष्म्याचं." दुसरे काही वाजवायची. "हे त्याचंच, उलटं." पुन्हा काही. "म्हातारी." एखादी बाई कपाटातले सगळे कपडे बाहेर काढून हा कुणी दिला, तो कुणी दिला म्हणत बसते तसं. हे रोज चाललं. मला मशीनच्या आवाजात राहायची सवय आहे, पण ह्याने माझं डोकं उठलं.

एका दुपारी ती म्हणाली, "माझं काय आहे गं मग ह्यात?"

"मला काय विचारतेस," मी म्हटलं. "मला सगळं सारखंच वाटतं."

"तेही खरंच."

"आणि एवढं काय त्यात? नाक तुझं आईचं. कुरकुर वडिलांची. शिंकतेस तर आत्या घरात आल्यासारखी. त्याचं कधी रडू आलं नाही, मग गिटारचंच कशाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. फार दिवसांनी तिच्या तोंडावर तो जुना, मला उंबऱ्याबाहेर उभी करणारा भाव आला. "तुला संगीतातलं काही कळत नाही," ती म्हणाली.

"नाही कळत," मी म्हटलं, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पुढचा कार्यक्रम एका कारखान्याच्या सभागृहात होता. मधल्या लांब भागाच्या आधी गाणं क्षणभर थांबतं, तिथे ताई पुढे आली आणि लांब्याच्या हातातून माइक घेतला. टोप काढून ड्रमवर ठेवला. तिचे खरे केस घामाने चिकटलेले, पांढरे. "आता जे वाजवणार आहे," ती म्हणाली, "त्याचा पहिला भाग काळ्याचष्म्याचा. मधला खाणवाल्याचा. शेवटी तार वर जाते ती म्हातारीची. चुका होतील त्या माझ्या."

कुणाला काही कळलं नाही. ही नावं आमच्या जिन्याखालची, लोकांना कशी माहीत असणार. दोनचार जण हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, गाणं सुरू करा." तिने सुरू केलं. ती चुकलीही, एका ठिकाणी चांगलीच चुकली, आणि त्या चुकीवर पाय देऊन तशीच पुढे गेली. लांब्या बाजूला उभा होता. मान उडवायचं तो विसरला होता. शेवटी टाळ्या पडल्या त्या तोंडदेखल्या. काही लोक तेवढ्यात चहा पिऊन आले. कारखान्याच्या माणसाने नंतर लांब्याला सांगितलं की पुढच्या वेळी त्या बाईंना जरा आवरा.

मी ही गोष्ट सांगते तेव्हा लोकांना वाटतं, आता सभागृह उठून उभं राहणार. नाही राहिलं. दुरून डोंगर साजरे, आणि संगीतवाल्यांचे तर जरा जास्तच.

रंगवाला मात्र पडद्यामागे आला. ताई त्याला पाहूनच म्हणाली, "आता डोक्यावर ठेवायला माझ्याकडे काही नाही." तो म्हणाला, "खाणवाला म्हणजे कोण, मॅडम?" ताईने खरं नाव सांगितलं. त्याने ते ऐकलेलं नव्हतं. म्हातारीचंही नाही.

"तुम्ही तीस वर्षं नुसती एकच तबकडी ऐकताय?"

"ती आवडते."

"आवडते म्हणून कुणी एकच भिंत पुन्हा पुन्हा रंगवतं का?"

रंगवाला जरा विचार करून म्हणाला, "मी रविवारी मोकळा असतो."

असे माझ्या दुकानात रविवार सुरू झाले. मशीनं भिंतीला लावायची, कापडाचे तागे वर ठेवायचे, आणि मधे वडिलांच्या दुकानातला शेवटचा उरलेला रेकॉर्ड प्लेअर. रंगवाला आला, मग त्याने मंडळातले आणखी पोटवाले आणले. ताई तबकडी लावते, थोडं ऐकवते, सुई उचलते आणि गिटारवर दाखवते. मग शिव्या घालते. "ऐका, कान कशाला दिलेत, चष्मा अडकवायला?" हे सगळे माना खाली घालून ऐकतात. पैसे देऊन अपमान करून घेणारी माणसं मी हॉटेलात पाहिली होती. फुकट अपमान करून घ्यायला दर रविवारी धुतलेले कपडे घालून येणारी इथेच पाहिली. त्यांना संगीत किती कळतं देव जाणे. पण म्हातारीने तार पहिल्यांदा वर ढकलली की आता सगळे एकदम मान वर करतात, कोंबड्यांसारखी.

हुबेहूब पुढे फार चाललं नाही. लांब्याचा घसा गेला. डॉक्टरने गायला बंदी केली, आणि गोड आवाजाच्या जागी कागद चुरगाळल्यासारखं काहीतरी उरलं. सोनेरी जाकीट त्याने माझ्याकडे परत आणलं, की कापड कुठे लागलं तर वापर. ते मी कुणाला वापरणार. तो तसाच दारात घुटमळला. आतून ताईचा आवाज आला, "आलायस तर बस. वारा अडवतोयस."

आता तोही रविवारी येतो. ताईने त्याला दुसरी गिटार दिली आहे आणि खाणवाल्याचा अंगठा शिकवायला घेतलाय. त्याची बोटं लांब, पण अंगठा लाकडाचा. गेल्या रविवारी त्यांचं त्यावरून जुंपलं. बाकीची मंडळी चहा घेत होती.

"तो तिथे जोर देतो," लांब्या घरघरत म्हणाला.

"देत नाही. तिथे तो शब्द आठवत असतो. अंगठ्याला त्याची खबर नसते."

"मी तबकडी हजारदा ऐकलीय."

"म्हणूनच सांगतेय. आता ती विसर आणि वाजव."

लांब्याने वाजवलं. वाईट वाजवलं. ताईने डोळे मिटले, दुखऱ्या दाताला जीभ लागल्यासारखे. मग ती म्हणाली, "हे कुणाचं होतं?"

"कुणास ठाऊक," लांब्या म्हणाला. "असं तर कुणीच वाजवत नाही."

"परत वाजव."

त्याने परत वाजवलं, ताई त्याच्या खालून हळूच आपल्या गिटारवर सूर धरत गेली, आणि रंगवाल्याने ऐकता ऐकता चहाचा कप खाली राहिलेल्या कापडाच्या ताग्यावर ठेवला. मी उठून तो उचलला. ताग्यावर गोल डाग पडला होता, आणि ते कापड सोमवारच्या गिऱ्हाइकाचं होतं.